टीम लावणे

फँटसी क्रिकेटमधील संघनिवडीला बीड जिल्ह्यात आणि एकूणच महाराष्ट्रात रूढ असलेला शब्दप्रयोग. होऊ घातलेल्या सामन्यातील दोन्ही संघांच्या बावीस खेळाडूंतून अकरा जण निवडायचे, त्यांतला एक कर्णधार व एक उपकर्णधार ठरवायचा आणि ते खेळाडू मैदानावर जे काही करतील त्याच्या गुणांवर इतर निवडकर्त्यांशी स्पर्धा करायची, असे या खेळाचे स्वरूप आहे. संघ एका सामन्यापुरताच असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी मांडणी. मटक्याचा आकडाही ‘लावतात’ आणि टीमही ‘लावतात’. क्रियापद एकच असले तरी कृती एकच आहे का, हा प्रश्न पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला.

या खेळाचे मूळ बेसबॉलमध्ये आहे. १९८० साली डॅनियल ओक्रेंट या अमेरिकी पत्रकाराने मित्रांना जमवून संपूर्ण हंगामाचा कागदी बेसबॉल संघ बांधण्याचा डाव सुरू केला. न्यूयॉर्कमधल्या ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याच्या नावावरून या प्रकाराला ‘रोटिसरी’ म्हणू लागले. हंगामाऐवजी एका दिवसाचा डाव २००९ मध्ये फॅनड्यूलने आणि २०१२ मध्ये ड्राफ्टकिंग्जने रुजवला. ड्राफ्टकिंग्जच्या बेसबॉल डावात ५०,००० डॉलरच्या काल्पनिक अंदाजपत्रकात दोन पिचर (चेंडू फेकणारे) आणि आठ फलंदाज बसवावे लागतात. तिथला मुरलेला निवडकर्ता एकाच संघाचे क्रमाने येणारे चार-पाच फलंदाज घेतो, कारण एकाच्या फटक्यावर दुसरा धाव पूर्ण करतो आणि गुण दोघांनाही मिळतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो, म्हणून तिथल्या सामन्यातले फलंदाज महाग असतात. मैदान, हवा आणि क्रम पाहून माणूस निवडायचा, ही दृष्टी बेसबॉलकडून क्रिकेटकडे जशीच्या तशी आली.

महाराष्ट्रात हा खेळ मुंबईतून पसरला. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये, म्हणजे आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, ड्रीम इलेव्हन ही फँटसी क्रिकेटची कंपनी सुरू केली. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि टीम लावणे शहराबाहेर पडून पारावर, टपरीवर आणि शेताच्या बांधावर पोहोचले. २०२० च्या आयपीएलचे शीर्षक प्रायोजकत्व याच कंपनीने २२२ कोटी रुपयांना घेतले. २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवरही तिचे नाव आले.

निवडीची चौकट अशी. प्रत्येक खेळाडूला क्रेडिटमध्ये किंमत असते आणि अकरा जणांची बेरीज शंभराच्या आत बसवावी लागते. कीपर, फलंदाज, ऑलराउंडर, बोलर या चारही खणांतून किमान एक जण हवाच. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. बरीच वर्षे प्रचलित असलेल्या टी-ट्वेंटी गुणपद्धतीत धावेला एक गुण, चौकाराला एक आणि षटकाराला दोन जादा, तर बळीला २५ गुण असत. फलंदाज त्रिफळाचीत किंवा पायचीत झाला तर बोलरला आणखी ८. गुणपद्धती नंतर बदलत गेली, पण निवडीचे शहाणपण याच आकड्यांतून घडले: एक बळी म्हणजे पंचवीस एकेरी धावा. टीव्हीवर फलंदाज मोठा दिसतो, टीममध्ये बोलर मोठा असतो. त्यातही शेवटची षटके टाकणारा बोलर आधी घ्यावा, कारण तिथे फलंदाज फटके मारायला जातात आणि बळी पडतात. दोनच षटके मिळणारा बोलर कितीही नामांकित असला तरी जागा अडवतो.

ऑलराउंडरचे महत्त्वही याच हिशेबातून येते. जून २०२३ मध्ये, गहुंजे येथील महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात, सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने ईगल नाशिक टायटन्सकडून पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात १३ षटकार, आणि वर ४ बळी घेतले. वरील पद्धतीने केवळ धावा, षटकार आणि बळी मोजले तरी २४३ गुण होतात. असा खेळाडू कर्णधार केलेल्या टीमला बाकीच्या दहा जणांकडून फारसे काही लागत नाही.

सर्वांत जास्त चुका फलंदाजीच्या क्रमात होतात, आणि त्याचे उत्तम उदाहरण बीडच्याच मुलाचे आहे. सचिन धस. बीड शहरात क्रिकेट शिकलेला हा फलंदाज २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या मधल्या फळीत खेळला. सहाव्या क्रमांकाच्या माणसाला चेंडू कमी मिळतात, म्हणून त्याला वगळावे, असा सर्वसाधारण नियम. नियम बरोबरच आहे. पण ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनीला, दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, २४५ धावांचा पाठलाग करताना भारताचे ४ गडी ३२ धावांत गेले आणि सहावा क्रमांक डावाच्या आरंभीच मैदानात आला. धसने ९५ चेंडूंत ९६ धावा केल्या, ११ चौकार आणि १ षटकार. कर्णधार उदय सहारनसोबत १७१ धावांची भागीदारी झाली आणि भारत दोन गडी राखून जिंकला. साध्या हिशेबाने धसचे धावा-चौकार-षटकाराचे गुण १०९ होतात. ज्याने त्याला कर्णधार केले असेल त्याला २१८. यातून घ्यायचा धडा ‘आपल्या गावचा म्हणून घ्या’ असा नाही. खेळपट्टीवर नव्या चेंडूला उसळी असेल आणि समोर वेगवान मारा असेल, तर वरची फळी लवकर कोसळण्याची शक्यता आधीच मांडता येते. तेव्हा पाचवा-सहावा क्रमांक स्वस्तात मिळणारा सलामीवीरच असतो. शिवाय चार दिवसांपूर्वी, २ फेब्रुवारीला, नेपाळविरुद्ध ११६ धावा करून धसने आपली लय दाखवलेली होती. ज्याने तो डाव नीट पाहिला होता, त्याच्यासाठी बेनोनीची खेळी निव्वळ चमत्कार नव्हती.

आयपीएलच्या रात्रीच्या सामन्यात नाणेफेक सात वाजता आणि पहिला चेंडू साडेसातला. मधला अर्धा तास हाच टीम लावण्याचा खरा काळ. अंतिम अकरा जाहीर झाल्याशिवाय टीम पक्की करणे म्हणजे बाकावर बसलेल्या खेळाडूवर जागा खर्च करणे. २०२३ पासून सामना चालू असताना एक राखीव खेळाडू उतरवू देणारा इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आल्याने हे काम अवघड झाले: दुसऱ्या डावात फलंदाजी करणाऱ्या संघाचा सलामीवीर कधीकधी पहिल्या यादीत नसतो, तो राखीव पाचांत असतो. म्हणून यादीसोबत राखीव नावेही वाचावी लागतात. वानखेडेवर रात्री दव पडते, ओला चेंडू फिरकी बोलरच्या हातातून सुटतो. चेपॉकवर जुन्या चेंडूला फिरकी मिळते. हे जाणणारा मुलगा बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात भेटतो, आणि त्याचे ज्ञान खरे असते. मैदानावर न जाताही खेळ इतका बारकाईने वाचणारी पिढी यापूर्वी आपल्याकडे नव्हती.

मात्र ज्ञान कुठवर पुरते, याचे गणित मांडलेच पाहिजे. बावीसांतून अकरा निवडण्याचे प्रकार ७,०५,४३२ आहेत. त्या प्रत्येकात कर्णधार-उपकर्णधाराच्या ११० जोड्या. खणांची आणि क्रेडिटची बंधने बाजूला ठेवली तर एका सामन्याच्या ७,७५,९७,५२० टीमा होऊ शकतात. अभ्यासू निवडकर्ता यातल्या बहुसंख्य टीमा बिनचूक बाद करतो. त्याचे कौशल्य तेवढेच, आणि ते कमी नाही. दोन-चार मित्रांच्या ‘स्मॉल लीग’मध्ये ते दिसून येते. पण लाखो टीमांच्या ‘ग्रँड लीग’मध्ये पहिला क्रमांक मिळवायला उरलेल्या हजारो वाजवी टीमांतली नेमकी एक लागते, आणि ती एक ठरते सुटलेल्या झेलावर किंवा शेवटच्या षटकातल्या वाइडवर. टेलिग्रामवर विकल्या जाणाऱ्या टीमा तर याच कारणाने कुचकामी होत्या: तीच टीम शेकडो जणांकडे असे, तेव्हा बक्षीसही शेकडो जणांत वाटले जाई.

मोठ्या स्पर्धेचे शुल्क साधारणपणे ४९ रुपये असे. ही रक्कम बीडमध्ये किती होते, हे ऊसतोडीच्या दराने मोजावे. हा जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि आयपीएल सुरू होते त्या सुमारास परततात. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढीनंतर तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. त्या दराने ४९ रुपये म्हणजे सुमारे १३४ किलो ऊस तोडणे, मोळ्या बांधणे आणि गाडीत भरणे. एका रात्री दहा टीमा लावणाऱ्या मुलाने आईवडिलांची सव्वा टनाहून अधिक तोडणी लावलेली असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला दीड कोटीचे बक्षीस लागल्याची बातमी गावोगाव पोहोचली. त्यानंतर झालेल्या त्याच्या निलंबनाची तितकी चर्चा झाली नाही.

कायद्यात या खेळाचे स्थान तीन टप्प्यांत बदलले. महाराष्ट्रात लागू असलेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी फँटसी क्रिकेट हा कौशल्याचा खेळ असल्याचा निकाल दिला. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. खेळात कौशल्य किती, हा प्रश्न या कायद्याने बाजूलाच ठेवला: पैसे लावून पैसे मिळण्याची आशा असेल, तर तो ऑनलाइन खेळ चालवता येणार नाही. न्यायालयाचा कौशल्याचा निष्कर्ष बरोबर होता आणि संसदेची बंदीही बरोबर आहे, असे या नोंदीचे मत आहे. न्यायालयाने निवड पाहिली, संसदेने खिसा पाहिला.

पैशांविना टीम लावणे आजही चालू आहे, आणि खेळ समजून घेण्याचे ते चांगले साधन आहे. नव्या कायद्यात शिक्षा आहे ती असा खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्याचे पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला, पैसे लावून खेळलेल्या माणसाला नाही. ज्याचे पैसे यात गेले आहेत त्याने घरी सांगायला भिऊ नये; मनावरचा ताण पेलत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायला पैसे लागत नाहीत.