विहिरीतील पोहणे आणि मुलांची शरीरयष्टी
महाराष्ट्राच्या खेड्यांत पोहणे शिकण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या विहीर हीच होती. कमरेला वाळका भोपळा किंवा पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधून मुलाला पाण्यात सोडत आणि हातपाय मारण्याची लय साधली की तो आधार काढून घेत. अशा पोहण्याचा शरीरयष्टीवर होणारा परिणाम ज्यावरून जोखता येतो ती शरीरघटना, म्हणजे शरीरातील चरबी आणि चरबीविरहित वस्तुमान यांचे प्रमाण, मोजण्याची रीत मात्र बरीच अलीकडची. अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ मध्ये माणसांना पाण्याखाली तोलून त्यांची घनता काढली, कारण तिच्यावरून चरबीचे प्रमाण कळते; म्हणजे हे मोजमापही पाण्याच्याच साहाय्याने झाले. पोहण्याने खांदे रुंदावतात हा जुना समज अर्धाच खरा आहे, कारण नियमित सरावाने स्नायू व दमसास वाढत असले, तरी हाडांची ठेवण मुख्यतः आनुवंशिक असते. शिवाय पाणी शरीराचा भार पेलत असल्याने हाडांना धावण्याइतका ताण मिळत नाही.