आकाशातील वाट आणि डोळ्यांचा भरवसा

आकाश मोकळे आहे, असे आपण सहज म्हणतो. जमिनीवर रस्ता असतो, रस्त्याला कड असते. आकाशाला यांतले काहीच नाही, तेव्हा तेथे एकाला दुसऱ्याची अडचण ती कसली होणार? विमानविद्येच्या पहिल्या पन्नास वर्षांत जाणत्यांचा समजही याहून फारसा निराळा नव्हता. हवा स्वच्छ असेल तर वैमानिकाने डोळे उघडे ठेवावेत आणि दुसरे विमान दिसताच बाजूला व्हावे, हा मुख्य नियम होता. तो अपुरा कसा ठरला, हे अमेरिकेच्या इतिहासात विशेष स्पष्ट दिसते. म्हणून आम्ही तोच येथे मांडीत आहोत.

२५ सप्टेंबर १९७८ च्या सकाळी सॅन डिएगो शहरावर आभाळ निरभ्र होते. बोइंग ७२७ जातीचे एक प्रवासी विमान तेथे उतरण्याच्या बेतात होते. त्याच्या पुढे, किंचित खाली, सेस्ना १७२ हे चिमुकले विमान दोन माणसांना घेऊन सराव करीत होते. नियंत्रकाने बोइंगच्या वैमानिकांना त्याची आगाऊ सूचना दिली. ते दिसल्याचे त्यांनी कळविलेही. पुढे ते नजरेआड झाले. ते मागे पडले असावे, अशी वैमानिकांनी समजूत करून घेतली. आणि वैमानिकांना ते दिसतच आहे, अशी नियंत्रकांची समजूत राहिली. रडारकक्षात धोक्याचा इशारा वाजला, तोही याच समजुतीपायी वाया गेला. बोइंगमधील १३५, सेस्नामधील २ आणि जमिनीवरील ७, असे १४४ जीव त्या सकाळी गेले.

येथे कोणी डोळे मिटून बसले होते काय? मुळीच नाही. डोळ्याची जातच अशी आहे की, हलणारी वस्तू तो चटकन टिपतो. परंतु जे विमान नेमके आपल्यावर येऊन आदळणार असते, ते काचेत एकाच जागी स्थिर भासते. ते फक्त हळूहळू मोठे होत जाते, आणि मोठे झालेले लक्षात येते तेव्हा वेळ उरलेला नसतो. त्यात ते लहान असले आणि खाली घरांची दाटी असली, म्हणजे ते सापडणे आणखी कठीण.

आठ वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९८६ रोजी, लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे हेच पुन्हा घडले. एक खाजगी पायपर विमान परवानगीवाचून राखीव हवाई क्षेत्रात शिरले आणि उतरत असलेल्या डीसी-९ विमानावर आदळले. पायपरमधील यंत्र आपली उंची कळविणारे नव्हते. जमिनीवरील १५ जणांसह ८२ माणसे मेली. त्यानंतर १९८७ साली कायदा झाला आणि १९९३ अखेर मोठ्या प्रवासी विमानांत टक्करनिवारक यंत्र बसले. हे यंत्र आसपासच्या विमानांना रेडिओवरून विचारणा करते, त्यांची उंची जाणून घेते आणि वैमानिकाला चढण्याचा वा उतरण्याचा इशारा देते. तथापि ज्या विमानात उत्तर देणारे साधनच नाही, ते त्याला दिसत नाही.

यंत्राहून महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट आम्हांला शेवटी सांगावयाची आहे. डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळून ९२ माणसे मेली. चौकशीत असे निघाले की, दीडेक महिन्यापूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, तशाच गैरसमजामुळे, थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण ते शहाणपण घराबाहेर पडले नाही. म्हणून १९७६ पासून टळलेल्या अपघातांची हकिगत वैमानिकांनी व नियंत्रकांनी आपण होऊन कळवावी, अशी सोय झाली. हे काम दंड करणाऱ्या खात्याकडे न ठेवता नासा या संशोधनसंस्थेकडे दिले गेले. कळविणाऱ्याचे नाव गाळले जाते, आणि चूक हेतुपुरस्सर नसेल तर दहा दिवसांत कळविणाऱ्यास सहसा शिक्षेतून सूट मिळते. मोठ्या व छोट्या विमानांच्या कितीतरी चुकलेल्या टकरी अशा कबुलीतूनच उजेडात आल्या.

टळलेल्या संकटाला साक्षीदार थोडे असतात आणि ते विसरण्याकडेच माणसाचा कल असतो. ज्याचे संकट टळले त्याने ते बोलून दाखविले, आणि ऐकणाऱ्याने त्याबद्दल त्याला सुळी दिले नाही, तरच त्याचे नशीब दुसऱ्याच्या कामी येते. आकाशाने शिकविलेला हा धडा जमिनीवरही गिरविण्याजोगा आहे.