समुपदेशकाकडे जायचंय? आधी शिक्षण विचारा. कोण काय करतं, जाणून घ्या

तालुक्याच्या गावांतही आता 'समुपदेशन केंद्र' असे बोर्ड दिसू लागलेत. नापिकी, सोडचिठ्ठी, दहावी-बारावीचा निकाल अशा वेळी लोक तिथं जातातही. पण समोर बसलेला माणूस काय शिकलाय, हे फार थोडे विचारतात. ट्रॅक्टर कामाला देताना मिस्त्रीची दहा जणांकडे चौकशी करणारा माणूस इथं मात्र गप्प बसतो.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणजे डॉक्टर. एमबीबीएस झाल्यावर एमडी किंवा डीपीएम केलेला. औषधं लिहून देतो तो हाच. 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' हा मानसशास्त्रात एमए करून पुढं दोन वर्षं रुग्णालयात प्रशिक्षण घेतलेला असतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो. गोळ्या देत नाही. एमएसडब्ल्यू झालेले समाजसेवक रुग्णाच्या घरचं, कामाचं आणि योजनांचं बघतात. राहिला 'समुपदेशक'. हा शब्द एमए झालेलाही लावतो आणि चार दिवसांचं शिबिर केलेलाही. म्हणून पदवी कोणती, किती वर्षांची, कुणाच्या हाताखाली काम केलं, हे सरळ विचारावं. चांगला माणूस रागावत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याला आरसीआयचा नंबर मागावा.

मोठ्या माणसांसोबत बरेच जण विचारांवर काम करतात. 'पीक गेलं' ही घटना झाली. 'पीक गेलं म्हणजे मी कुचकामी' हा त्यावरचा विचार. दोन्ही वेगळे करून वहीत लिहायला लावतात, पुढच्या वेळी ती वही तपासतात. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आरईबीटी ही अशीच पद्धत. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. एक बैठक साधारण पाऊण ते एक तासाची. एका भेटीत फरक पडेल अशी आशा धरू नये. कर्ज त्यानं फिटत नाही, हेही खरं. पण झोप लागली तर माणूस बँकेत जाऊन बोलू तरी शकतो.

लेकरांचं तंत्र वेगळं. आठ वर्षांच्या पोराला 'तुला काय त्रास आहे?' विचारलं तर ते खालीच बघणार. म्हणून चित्रं, माती, बाहुल्या, खेळ. घरी आल्यावर "नुसतं खेळवलं अन् पैसे घेतले" अशी तक्रार होते, पण त्या खेळातूनच पोराच्या मनातलं कळतं. आई-बापाशी वेगळं बोलणं होतं, शाळेतलं वागणंही विचारलं जातं. वाचताना अक्षरं उलटसुलट होणारं पोर आळशीच असेल असं नाही; चाचणी करून घ्यावी.

कुटुंबाच्या समुपदेशनात सगळ्यांना एकत्र बसवतात. ही भावकीची बैठक नव्हे, निवाडा होत नाही. सासू बोलली की सून गप्प होते का, बापाऐवजी पोरगंच उत्तर देतं का, हे तो बघत असतो. मात्र घरात मारहाण होत असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवणं धोक्याचं. एकत्र बसून बोललेल्याचा राग घरी निघतो. अशा वेळी बाईशी एकटीशीच बोलणं व्हायला हवं. महिला हेल्पलाइन १८१ आहे.

गावात बोभाटा होईल, ही भीती मोठी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. कुणाच्या जिवाला धोका असेल तर अपवाद. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २४ तास मोफत असून मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथलं पथक ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं, ते आशाताईंना विचारावं.

जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर नंबर लागायची वाट बघू नये. त्याला एकटं सोडू नये, फवारणीचं औषध कुलपात ठेवावं, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जाताना आधीच्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्यावीत. चालू गोळ्या समुपदेशकाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत, ते डॉक्टरलाच विचारावं.