९७९ मीटर

निघण्यापूर्वी एकच सांगतो. ‘हे सगळ्यात आधी मी पाहिलं’ म्हणण्याची हौस असेल तर ती घरीच ठेवा. दक्षिण व्हेनेझुएलातल्या औयान-तेपुई या डोंगराच्या पायथ्याशी विसाव्या शतकात कधीही उतरलात, तरी पेमोन लोक तिथे आधीपासून राहत असतील आणि त्यांच्या तोंडी तिथल्या धबधब्याचं नाव असेल : केरेपाकुपाई मेरू.

तर पहिला थांबा, नोव्हेंबर १९३३. जिमी एंजेल हा अमेरिकन वैमानिक एकटाच निघालाय. तुम्ही गुपचूप मागे बसा. त्याच्या डोक्यात सोनं आहे. कुठल्याशा डोंगरमाथ्यावरच्या ओढ्यात ते सापडतं, ही गोष्ट तो पुढे आयुष्यभर सांगणार आहे. खाली ताशीव कड्यांचा एक प्रचंड सडा ढगांतून वर आलाय. विमान घळीत शिरतं. डाव्या-उजव्या हाताला नुसता कातळ, आणि समोर वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ. नीट पाहीपर्यंत ती मागे पडते.

९ ऑक्टोबर १९३७ ला मात्र घट्ट धरून बसा, कारण आज तो याच सड्यावर विमान उतरवणार आहे. सोबत बायको मेरी आणि दोन साथीदार, गुस्तावो हेनी आणि मिगेल देल्गादो. चाकं टेकतात, थोडी धावतात आणि वरचा पापुद्रा फोडून दलदलीत रुततात. विमानाचं नाक चिखलात, शेपूट वर. सगळे धडधाकट आहेत, पण विमान काही निघत नाही. सोनंही नाही. उरते पायपीट. भेगाळलेल्या सड्यावरून वाट काढत, कड्यांवरून दोर सोडत तुम्ही अकरा दिवसांनी कामाराता गावात पोचता. नकाशावर या धबधब्याला एंजेलचं नाव लागलं, त्यात या फसलेल्या उतरणीचा वाटा मोठा. धाडसाबद्दल शंका नाही. पण धबधबा किती उंच, हे त्याने काही मोजलं नव्हतं.

मोजणी पाहायची तर १९४९ च्या एप्रिलअखेरीस या. घाई नको, इथे वेळ लागतो. मोहीम रूथ रॉबर्टसन या अमेरिकन पत्रकार-छायाचित्रकार बाईंची. वाट दाखवायला लात्वियाहून येऊन या रानात रमलेला अलेक्झांडर लायमे, मोजणीला पेरी लोरी, आणि सगळ्यांना घेऊन जाणारे पेमोन वल्हेकरी. एका खोडातून कोरलेल्या होडीत तुम्ही आधी कार्राओ आणि मग चुरून नदीने वर निघता. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस : रानातल्या कुजक्या पाल्याचा अर्क. जिथे उथळ, तिथे उतरून होडी ओढायची. वल्हेकऱ्यांना दगड पायाने कळतात, तुम्हाला आपटल्यावर. पुढे नदी सोडून मुळांच्या जाळ्यातून चढण, आणि यंत्रं खांद्यावर. मे महिन्याच्या मध्याला झाडी फाटते आणि मान वर जाते.

पाणी माथ्यावरून उडी घेत नाही, काठाखालच्या भेगांतून फुटतं. सड्यावर पडलेला पाऊस कातळात झिरपून इथे बाहेर येतो, म्हणून कोरड्या दिवसांत धार बारीक होते. पाणी ८०७ मीटर कुठेही न टेकता पडतं आणि पडता पडताच त्याचं धुकं होतं.

आता लोरीकडे लक्ष द्या. तोवर उंची म्हणजे विमानातून बांधलेले अंदाज होते. थिओडोलाइट मांडायचं, जमिनीवर एक रेषा नेमकी मोजायची, तिच्या टोकांवरून माथ्याचे कोन घ्यायचे. बाकी त्रिकोणाचं गणित. कंटाळवाणं काम आहे खरं, पण माझ्या मते या धबधब्याच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा दिवस हाच. एकूण उंची भरते ९७९ मीटर : कळसूबाईच्या निम्म्याहून बरीच जास्त, जगात सर्वाधिक. नोव्हेंबरात बाईंचा लेख ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये येतो आणि वाद मिटतो.

परतीच्या वाटेवर फार थांबायला नको. १९६० मध्ये एंजेलची रक्षा याच धबधब्यावर विमानातून सोडली जाते. १९६२ मध्ये या भागाचं कनाइमा राष्ट्रीय उद्यान होतं, १९९४ मध्ये ते जागतिक वारशात जातं. चिखलातलं विमान १९७० मध्ये हेलिकॉप्टरने उतरवलं. ते आता सिउदाद बोलिवारच्या विमानतळासमोर उभं आहे. रॉबर्टसन, लोरी, लायमे यांची नावं मात्र पर्यटकांना क्वचितच ठाऊक असतात, आणि वल्हेकऱ्यांची तर त्याहून कमी. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आजही छापला जाणारा ९७९ हा आकडा त्यांच्या त्या मोहिमेचा आहे.