‘काइंड ऑफ ब्लू’ : उत्स्फूर्त उक्तीची संहिता

जॅझ संगीताचा इतिहास हा मुख्यत्वे ध्वनिमुद्रिकांचा इतिहास आहे. युरोपीय अभिजात संगीतात रचना स्वरलिपीत नांदते आणि वादक तिचा अन्वय लावतो. जॅझमध्ये वादन चालू असतानाच रचना सिद्ध होते आणि ती उरते श्रोत्याच्या स्मरणात किंवा तबकडीवर. त्यामुळे जॅझच्या काही ध्वनिमुद्रिका रसिकांना इतक्या प्रिय का, हा प्रश्न निव्वळ अभिरुचीचा राहत नाही. मौखिक उक्तीची संहिता होताना काय घडते, या व्यापक प्रश्नाचा तो एक भाग ठरतो. माइल्स डेव्हिस यांची १९५९ मधील ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे.

प्रारंभीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. लुई आर्मस्ट्राँग यांचे १९२८ मधील ‘वेस्ट एंड ब्लूज’ याच चौकटीत बसविलेले आहे. महाराष्ट्रातील रसिकांनाही ही मर्यादा अपरिचित नाही. अब्दुल करीम खाँ यांची गायकी उत्तरकालीन श्रोत्यांपर्यंत पोहोचली ती बव्हंशी अशाच आखूड तबकड्यांतून. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वादन मावू लागले. तेव्हापासून ध्वनिमुद्रिका ही सुट्या गीतांची साठवण न राहता स्वतंत्र, अखंड कृती म्हणून ऐकली जाऊ लागली.

‘काइंड ऑफ ब्लू’चे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबियाच्या सभागृहात झाले. ही वास्तू पूर्वी चर्च होती. २ मार्च व २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत पाच रचना पुऱ्या झाल्या. डेव्हिस यांच्यासमवेत जॉन कोल्ट्रेन व कॅननबॉल अ‍ॅडर्ली हे सॅक्सोफोनवादक, बिल इव्हान्स आणि एका रचनेपुरते विंटन केली हे पियानोवादक, पॉल चेंबर्स हे बासवादक व जिमी कॉब हे ड्रमवादक होते. डेव्हिस यांनी वादकांपुढे पूर्ण रचना न ठेवता केवळ आराखडे ठेवले, असे इव्हान्स यांनी वेष्टनावरील टिपणात नमूद केले आहे. त्याच टिपणात त्यांनी या वादनाची तुलना जपानी कुंचलाचित्रणाशी केली आहे: त्या चित्रणात उमटलेली रेषा पुसता येत नाही.

या आराखड्यांचे स्वरूप ‘सो व्हॉट’ या पहिल्याच रचनेत स्पष्ट होते. १९४० नंतरच्या बीबॉप शैलीत स्वरसंघात इतक्या झपाट्याने पालटत की वादकाची बुद्धी त्यांचा पाठलाग करण्यातच गुंतून पडे. ‘सो व्हॉट’च्या ३२ खंडांच्या आवर्तनात मात्र पहिले १६ खंड एकाच स्वरश्रेणीवर स्थिर राहतात, पुढील ८ खंड तीच श्रेणी अर्ध्या स्वराने वर जाते आणि शेवटचे ८ खंड ती मूळ पदी येते. डोरियन नावाच्या या श्रेणीचे स्वर आपल्याकडील काफी थाटाच्या स्वरांशी जुळतात. हे साम्य स्वरांपुरतेच आहे. रागाचे चलन आणि वादी-संवादी यांची शिस्त येथे नाही. तथापि सामग्री अशी विरळ झाल्यामुळे प्रत्येक वादकाचा स्वभाव उघडा पडतो. त्याच श्रेणीवर डेव्हिस मौनाला स्वरांइतकेच स्थान देतात, कोल्ट्रेन शोधकाच्या अस्वस्थतेने एकच वाक्य अनेक बाजूंनी तपासतात, तर अ‍ॅडर्ली ब्लूजची प्रसन्न बोली बोलतात. याच कोल्ट्रेन यांनी पुढल्याच महिन्यात, मे १९५९ मध्ये, अतिशय वेगाने स्वरसंघात पालटणारी ‘जायंट स्टेप्स’ ही रचना ध्वनिमुद्रित केली, हे ध्यानात घेतले म्हणजे सामग्रीची विरळता ही असमर्थता नसून जाणीवपूर्वक केलेली निवड होती, हे पटते.

संहिता म्हटली की पाठचिकित्सा आलीच. ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करताना एकनाथांपुढे लेखकांच्या हातून शिरलेले दोष होते; येथे दोष यंत्राचा होता. पहिल्या दिवशी मुद्रणयंत्र किंचित मंद चालल्यामुळे तबकडीची पहिली बाजू मूळ वादनाहून थोडी चढी ऐकू येई. १९९० च्या दशकातील पुनर्मुद्रणांत हा दोष दूर करण्यात आला. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ रसिकांनी जे प्रेमाने कंठस्थ केले तो शुद्ध पाठ नव्हता. तसेच प्रत्येक रचनेचे पहिलेच पूर्ण वादन स्वीकारले गेले, ही समजूतही ‘फ्लॅमेंको स्केचेस’चा दुसरा पूर्ण पाठ उपलब्ध झाल्यावर मर्यादित करावी लागली. तरीही मूळ तबकडीवरील प्रेम ओसरले नाही. श्रोत्याची निष्ठा निर्दोष पाठापेक्षा त्यातून प्रकटणाऱ्या उक्तीशी असते, असाच याचा अर्थ करावा लागतो.

या संगीताच्या शांततेला निर्वेधपणा समजणे मात्र चुकीचे ठरेल. ध्वनिमुद्रिका १७ ऑगस्ट १९५९ रोजी प्रकाशित झाली. २५ ऑगस्टच्या रात्री, डेव्हिस ज्या बर्डलँड क्लबात वादन करीत होते त्याच्याच दारापुढे, पोलिसांनी त्यांना डोके रक्तबंबाळ होईपर्यंत मारले व अटक केली. पुढे ते निर्दोष ठरले. त्याच वर्षी, त्याच सभागृहात चार्ल्स मिंगस यांनी ‘मिंगस आह अम’ या ध्वनिमुद्रिकेत अर्कान्सासचे वर्णविद्वेषी गव्हर्नर फॉबस यांच्यावरील उपहासरचना शब्दांविना वाजविली. तिचे शब्द १९६० मध्ये अन्य संस्थेसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणात आले. कृष्णवर्णीय कलावंताला जेथे मोकळेपणी बोलणे कठीण होते, तेथे वाद्यावरील संयत वाक्य हे स्वतःच्या उक्तीवरील स्वामित्व सिद्ध करण्याचे साधन होते.

‘काइंड ऑफ ब्लू’च्या पन्नास लाख प्रतींच्या विक्रीची नोंद अमेरिकेत २०१९ मध्ये झाली, २०२० मध्ये जिमी कॉब यांच्या निधनाने त्या सभागृहातील अखेरचा वादकही गेला. लोकप्रियतेचे कारण केवळ माधुर्यात शोधता येत नाही. वादकाला पुढचा स्वर ठाऊक नव्हता. वारंवार ऐकणाऱ्या श्रोत्याला तो पाठ असतो. एकाची अनिश्चितता आणि दुसऱ्याची निश्चिती यांची गाठ प्रत्येक श्रवणात नव्याने पडते. पाठ झालेल्या वाक्यातही ते सुचल्याच्या क्षणाचे भान टिकून राहते, आणि या ध्वनिमुद्रिकेवरील प्रेमाचे मूळ त्या भानातच आहे.