मोडलेला मेळा आणि एक अनुबोधपट

श्रोतेहो, भांडणाचा इतिहास लिहिणे सोपे असते. कोर्टाचे कागद असतात, वर्तमानपत्रांतल्या बातम्या असतात, साक्षीदार तर पैशाला पासरी! समेटाचे तसे नाही. अबोला धरलेली दोन माणसे पुन्हा कशी बोलू लागली, याचा कागद कोणी करून ठेवीत नाही. आज अशाच एका समेटाची हकीकत सांगतो. ती आहे इंग्लंडातल्या एका गाणाऱ्या मेळ्याची.

मँचेस्टर हे जुने कापडगिरण्यांचे शहर. गिरण्यांचे वैभव सरल्यावर, १९८३ साली, तेथे 'द स्टोन रोझेस' नावाचा मेळा उभा राहिला. विजेच्या गिटारी, मोठमोठे ड्रम आणि दणदणीत आवाज, असे हे रॉक संगीत. गायक इयन ब्राउन आणि गिटारवाला जॉन स्क्वायर हे लहानपणचे सवंगडी. पुढे ड्रम वाजवणारा रेनी आणि मंद्र सुरांची बास गिटार वाजवणारा मॅनी हे येऊन मिळाले. १९८९ साली त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. २७ मे १९९० रोजी मर्सी नदीकाठी स्पाइक आयलंड येथे त्यांना ऐकायला सुमारे २७,००० माणसे लोटली.

मग माशी शिंकली. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीशी कज्जा सुरू झाला. १९९१ साली कोर्टाने तो करार अन्याय्य ठरवला खरा. पण बहराचा काळ हातचा गेला. दुसरी ध्वनिमुद्रिका यायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. १९९५ मध्ये रेनी गेला, १९९६ मध्ये स्क्वायर गेला आणि त्याच वर्षी मेळा मोडला. दोघा बाळमित्रांचे बोलणेही बंद झाले, ते कित्येक वर्षे.

२०११ साली मॅनीची आई वारली. मर्तिकाला वैऱ्यानेही जावे, असे आपली जुनी माणसे सांगतात. ब्राउन आणि स्क्वायर दोघेही आले, समोरासमोर झाले आणि बोलले! त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा एकत्र गाण्याची घोषणा झाली. मँचेस्टरच्या हीटन पार्कातील तीन जलशांची २,२०,००० तिकिटे ६८ मिनिटांत संपली.

शेन मेडोज हा चित्रपट दिग्दर्शक यांचा जुना भक्त. १९९० चा तो जलसा त्याचा हुकला होता. त्याने या पुनर्मीलनावर अनुबोधपट केला. तो २०१३ साली प्रदर्शित झाला. त्यातला सर्वांत गोड भाग आहे वॉरिंग्टन गावच्या पार हॉलचा. २३ मे २०१२ रोजी तेथे अचानक फुकट कार्यक्रम जाहीर झाला. मेळ्याची जुनी तबकडी, तिचे वेष्टन किंवा सदरा दाखवावा आणि आत जावे, एवढीच अट. मग काय! कोणी हातातले काम टाकून धावले, कोणी पोरांना घेऊन आले. मेडोजने कॅमेरा वळवला तो या माणसांकडे.

पुढे १२ जूनला अ‍ॅमस्टरडॅममध्ये कार्यक्रमाच्या शेवटी रेनी निघून गेला. पुन्हा फूट! कोणी दुसरा असता तर कॅमेरा घेऊन दाराला कान लावून बसला असता. मेडोज मात्र मागे सरला. ते भांडण चित्रपटात नाही. आणि १७ दिवसांनी, २९ जूनला, चौघेही हीटन पार्कात वाजवताना दिसतात.

इतिहासाचा अभ्यासक म्हणेल, नेमके महत्त्वाचे पान कोरे राहिले. तक्रार खरी आहे. पण मेडोजने ते पान लपवले नाही. येथे मी थांबलो, हे त्याने उघड दाखवले. शिक्षक बंधुभगिनींनो, साधन काय सांगते याबरोबरच ते कोठे गप्प बसते हेही मुलांना पाहायला शिकवावे. त्यासाठी हा उत्तम धडा आहे.

हा समेटही कायमचा ठरला नाही. जून २०१७ नंतर हे चौघे पुन्हा एकत्र वाजले नाहीत, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात मॅनी वारला. ज्याच्या आईच्या मर्तिकाला मित्र भेटले, तोच गेला. आता चौघे पुन्हा एकत्र येणे नाही. त्या वर्षी ते आले होते, याचा हा एवढा कागद तेवढा मागे आहे. बरे झाले, कोणीतरी तो करून ठेवला.