काचपेटीतील हिरवी साय : गृहमत्स्यालयातील शेवाळनियंत्रणाच्या विचाराचा इतिहास

प्रस्तावना

गृहमत्स्यालयाचा इतिहास बहुधा माशांच्या अंगाने लिहिला जातो. कोणता मासा कोणत्या खंडातून आला, त्याची पैदास प्रथम कोठे झाली, असे त्याचे स्वरूप असते. काचेवर चढणाऱ्या शेवाळाला त्यात जागा मिळालीच तर ती उपद्रव म्हणून मिळते. वस्तुतः ‘समतोल मत्स्यालय’ ही कल्पना शेवाळाचा बंदोबस्त करतानाच आकाराला आली आणि पुढे तिच्यातील उणीवही शेवाळानेच उघडी पाडली. प्रस्तुत निबंधात गोड्या पाण्याच्या गृहमत्स्यालयापुरता या विचाराचा मागोवा घेतला आहे. समुद्रजलाच्या मत्स्यालयाचा इतिहास स्वतंत्र असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

उपकारक शेवाळ

या कथेत शेवाळ प्रथम येते ते उपकारकर्ते म्हणून. जोसेफ प्रीस्टले याने १७७१ मध्ये मेणबत्ती जळून ‘बिघडलेली’ हवा पुदिन्याच्या डहाळीने सुधारते असे दाखविले होते. १७७८ च्या सुमारास त्याच्या पाण्याच्या भांड्यांच्या आतील बाजूस एक हिरवा पदार्थ जमू लागला आणि त्यातून शुद्ध वायूचे बुडबुडे निघताना दिसले. हा पदार्थ वनस्पती आहे की नाही याविषयी प्रीस्टले बराच काळ साशंक होता. १७७९ मध्ये यान इंगेनहौझ याने वनस्पतींचे हे कार्य केवळ प्रकाशातच चालते हे सिद्ध केले. आज मत्स्यपालक जी साय खरवडून फेकून देतो, तिच्याच साक्षीने प्राणवायूचा हा धडा रसायनशास्त्राला मिळाला.

वॉरिंग्टनचे काचपात्र

या धड्याचा पाण्यातील जीवसृष्टीसाठी पद्धतशीर उपयोग रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७-१८६७) याने केला. लंडनच्या अपॉथिकरीज हॉलमध्ये तो रसायनज्ञ होता आणि १८४१ मध्ये स्थापन झालेल्या केमिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होता. १८४९ मध्ये त्याने सुमारे १२ गॅलन पाणी मावेल अशा काचपात्रात वाळू व चिखल घालून व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. मासे प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती तो घेऊन प्राणवायू परत करील आणि पाणी बदलण्याची गरज राहणार नाही, अशी त्याची मांडणी होती.

काही काळ सर्व सुरळीत चालले. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, पृष्ठभागावर आणि काचेवर हिरवट बुळबुळीत थर धरला. येथे वॉरिंग्टनने पाणी ओतून दिले असते तर प्रयोग फसला अशी नोंद झाली असती. त्याने तसे केले नाही. तळ्यात असे थर का साचत नाहीत, असा प्रश्न विचारून त्याने पात्रात पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळाचा थर खाऊन टाकला. त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्याने गोगलगाईला केवळ सफाई कामगाराचे स्थान दिलेले नाही. मासा आणि वनस्पती यांच्या जोडीत जे तिसरे अंग उणे होते, ते तिने भरून काढले, असे त्याचे प्रतिपादन होते. गृहमत्स्यालयाच्या पायाभूत निबंधाचा कळसाध्याय शेवाळनियंत्रणाचा आहे, ही बाब नंतरच्या लेखकांनी फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

मात्र वॉरिंग्टनचा हिशेब वायूंचा होता. शेवाळ गोगलगाईच्या पोटात गेले म्हणजे ते पात्राबाहेर गेले असे नव्हे. त्यातील नत्र आणि स्फुरद तिच्या विष्ठेवाटे पुन्हा पाण्यातच उतरतात. त्याच्या पात्रात हे जाणवले नाही, याचे कारण पात्र मोठे, मासे दोनच आणि त्यांचे काही खाद्य तरी पात्रातच निर्माण होणारे. ही परिस्थिती दिवाणखान्यात टिकणारी नव्हती.

दिवाणखाना आणि खिडकी

इंग्लंडमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये रद्द झाला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचा ‘द अ‍ॅक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मध्यमवर्गीय घरांतून काचपेट्या दिसू लागल्या. पेटी ठेवण्याची जागा अर्थातच खिडकी, कारण वनस्पतींना प्रकाश हवा. वर माशांना घातलेले खाद्य रोजचेच. ऊन आणि उरलेले अन्न यांचा संगम झाल्यावर पाणी हिरवे होणे अटळ होते. त्यावर आपला ‘समतोल’ चुकला, असा दोष मालक स्वतःकडे घेई आणि एखादी वनस्पती किंवा गोगलगाय वाढवून पाही. पेटीत खरोखर काय साचत आहे हे सांगणारे शास्त्र अद्याप जन्मलेच नव्हते.

ते शास्त्र ज्यांच्या हातून घडले त्यांत वॉरिंग्टनचाच मुलगा असावा, हा योगायोग विलक्षण आहे. त्याचेही नाव रॉबर्ट (१८३८-१९०७). फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर सजीवांकडून घडते असे दाखविल्यावर, रोथॅमस्टेड येथे धाकट्या वॉरिंग्टनने त्याचा पाठपुरावा केला. हे रूपांतर दोन टप्प्यांत आणि दोन भिन्न प्रकारच्या जिवाणूंकडून होते, येथवर तो पोहोचला. ते जिवाणू वेगळे करण्यात मात्र १८९० मध्ये विनोग्राडस्की यशस्वी झाला. मुलाचे लक्ष शेतजमिनीकडे होते. परंतु वडिलांच्या काचपात्रात जे नोंदले गेले नाही, ते नेमके हेच होते: माशांची विष्ठा नायट्रेट बनून शेवाळाचे खत होते.

मोरचुदाचा काळ

१९०४ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यातील जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी जलाशयातील शेवाळ अत्यल्प मोरचुदाने मारता येते, हे प्रसिद्ध केले. ही रीत शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी होती. छोट्या पेटीत तीच वापरताना तिचे दोष ठळक होतात. मात्रा किंचित चुकली की गोगलगायी प्रथम मरतात, मृदू पाण्यात तांब्याचा विषारीपणा वाढतो आणि मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू खाऊन आपले पोषणद्रव्य पुन्हा पाण्यात सोडते. म्हणजे वॉरिंग्टनने जोडलेले तिसरे अंग मारून त्याचेच काम औषधाकडून करून घेण्याचा हा प्रकार होता.

‘समतोल’ या शब्दाची प्रतिष्ठा यानंतरही कायम राहिली. १९४९ मध्ये जेम्स अ‍ॅट्झ याने ‘समतोल मत्स्यालया’ला उघडपणे मिथक म्हटले. माशांच्या श्वसनासाठी वनस्पतींपेक्षा पाण्याच्या पृष्ठभागावरून होणारी वायूंची देवघेव महत्त्वाची, हा त्याचा मुद्दा होता.

स्फुरदाचा वाद

यानंतरचे वळण कॅनडातील सरोवरांमुळे आले. ऑन्टॅरिओतील प्रायोगिक सरोवरक्षेत्रात डेव्हिड शिंडलर याच्या चमूने १९७३ मध्ये २२६ क्रमांकाचे सरोवर मध्ये पडदा टाकून दुभंगले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, स्फुरद मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे हवाई छायाचित्र धुलाईच्या साबणातील फॉस्फेटविरुद्धच्या वादात फार परिणामकारक ठरले.

मत्स्यपालकांनी यातून सरळ धडा घेतला. पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन यांनी १९९६ मध्ये असे सुचविले की, नत्र, पालाश आणि सूक्ष्मद्रव्ये मुबलक द्यावीत व स्फुरद तुटपुंजा ठेवावा; मग वनस्पती तो आधी उचलतील आणि शेवाळ उपाशी राहील. टॉम बार याने पुढे याच्या उलट भूमिका घेतली. भरपूर वनस्पती आणि कार्बन डायऑक्साइडचा नियमित पुरवठा असलेल्या टाक्यांत त्याने मुद्दाम फॉस्फेट घातले, तरी शेवाळ वाढले नाही. सर्व द्रव्ये मुबलक द्यावीत आणि आठवड्याला निम्मे पाणी बदलून साठा आटोक्यात ठेवावा, अशी त्याची पद्धत.

दोन्ही पक्षांचा आधार घरगुती टाक्यांतील निरीक्षणे हा आहे आणि तुलनेसाठी राखलेल्या जोडटाक्यांअभावी त्यांना मर्यादा आहेत. तरीही बारचा आक्षेप वजनदार वाटतो. सरोवरात स्फुरद दुर्मीळ होता म्हणून त्याची भर निर्णायक ठरली. टाकीत तो माशांच्या खाद्यातून रोज येतो. शिवाय उपाशी ठेवल्यावर शेवाळाआधी व्हॅलिस्नेरियाच खंगण्याची शक्यता अधिक, आणि तिची कुजकी पाने म्हणजे १८४९ चा प्रसंग पुन्हा.

गोगलगाईची वारस

जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) याने १९८० च्या दशकात शेवाळभक्षक प्राण्याची जुनी कल्पना नव्याने रूढ केली. त्याच्या दाट वनस्पतींच्या टाक्यांत तंतुमय शेवाळ खाण्यासाठी ‘यामातो-नुमा-एबी’ ही छोटी कोळंबी मोठ्या संख्येने सोडलेली असे. १९९२ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘नेचर अ‍ॅक्वेरियम वर्ल्ड’ या ग्रंथामुळे ती जगभर गेली आणि ‘अमानो कोळंबी’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. शास्त्रीय साहित्यात ती दीर्घकाळ कॅरिडिना जॅपोनिका होती. २००६ मध्ये ती स्टिम्पसनने १८६० मध्येच वर्णन केलेली कॅरिडिना मल्टिडेंटाटा असल्याचे निश्चित झाले. वॉरिंग्टनची गोगलगाय पात्रातच अंडी घाली आणि मासे ती खात. या कोळंबीची पिल्ले मात्र खाऱ्या पाण्याशिवाय वाढत नाहीत. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत तिची संतती टिकत नाही, आणि जुनी मेली की दुकानातून नवी आणावी लागते.